लाल बटू ताऱ्याच्या ग्रहावर जीव कसे घडतील? हिशेब मांडू, आणि नागपूरच्या गाळात तपासून पाहू

काळीमाती

परग्रहावरच्या जीवांचा विषय निघाला की गाडी लगेच डोळे किती आणि हात किती यावर जाते. शरीर हा शेवटचा मुद्दा आहे. उजेड किती पडतो, पाणी कुठे द्रवरूपात टिकतं, इलेक्ट्रॉन कोण देतं आणि कोण घेतं, एवढं मांडलं की बऱ्याच कल्पना आपोआप गळतात. ज्या उरतात त्यांच्यावर बोलण्यात अर्थ आहे. म्हणून या धाग्यावर एकच ग्रह घेऊ आणि त्याचा जमाखर्च मांडू.

ग्रह ट्रॅपिस्ट-१ ई. त्याचा तारा ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा खूप लहान आणि थंड. कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षं दूर. त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे २,५६६ केल्विन, त्रिज्या सूर्याच्या ०.१२ पट. 'ई'चं वर्ष ६.१ दिवसांचं. वस्तुमान पृथ्वीच्या ०.६९ पट, त्रिज्या ०.९२ पट, म्हणून गुरुत्व ०.६९ भागिले ०.९२ चा वर्ग, म्हणजे ०.८२ पट. ताऱ्याकडून मिळणारी ऊर्जा पृथ्वीच्या साधारण ०.६५ पट.

तापमानाचं सूत्र सोपं आहे: २७८.५ गुणिले (१ − परावर्तन) चं चतुर्थमूळ, गुणिले ऊर्जेच्या पटीचं चतुर्थमूळ. परावर्तन ०.३ धरलं तर पृथ्वीचं उत्तर २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश. प्रत्यक्षात आपली सरासरी अधिक १५ च्या आसपास आहे. मधले ३३ अंश हरितगृह परिणामाचे. 'ई'चं उत्तर २२९ केल्विन, उणे ४४ अंश. गोठणबिंदूपर्यंत यायलाच ४४ अंशांची ऊब हवी. पण इथे सरासरी फसवी आहे. ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ आहे की बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे असणार. तारा जिथे कायम डोक्यावर असतो त्या मध्यबिंदूपाशी पाणी वितळलेलं आणि मागच्या बाजूला कायमचा बर्फ, असं चित्र मोजक्या हवेतही जमतं.

यापुढचा हिशेब उजेडाचा. अवरक्त, तुम्ही घ्या.

अवरक्त

घेतो. वीनचा नियम: २,८९८ ला तापमानाने भागा, सर्वाधिक प्रकाशाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्य ०.५०, ट्रॅपिस्ट-१ म्हणाल तर १.१३. हा तारा मुख्यतः आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तळपतो.

हरितद्रव्याला चालणारा पट्टा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. तारा आदर्श कृष्ण पदार्थ, म्हणजे फक्त तापमानाप्रमाणे प्रकाश देणारा, धरून सूर्याची सुमारे ३७ टक्के ऊर्जा या पट्ट्यात येते, या ताऱ्याची जेमतेम ४ टक्के. 'ई'ला वातावरणाच्या वर साधारण ८८५ वॅट प्रति चौरस मीटर मिळतात, त्यातले कामाचे ३४. आपल्याकडे वातावरणाच्या वर हाच आकडा ५०० आहे. पंधरावा हिस्सा. खऱ्या ताऱ्याच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे शोषणपट्टे असतात, ते दृश्य भाग आणखी खातात. म्हणजे ३४ हा आकडा वरच्या बाजूचा समजा.

झाड वॅट मोजत नाही, फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण मोजतं. त्या भाषेत ३४ वॅट म्हणजे सुमारे १८५ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. नागपुरात मे महिन्यातल्या भर दुपारी हा आकडा २,००० च्या घरात असतो. मोबाइलवरच्या लक्स मीटरमध्ये अंदाज हवा असेल तर सूर्यप्रकाशासाठी मायक्रोमोलला ५४ ने गुणा: १८५ म्हणजे १०,००० लक्स, दिवसा मोकळ्या आभाळाखाली सावलीत असतो तेवढा उजेड.

आता यातली गंमत बघा. तिथे तारा मावळतच नाही. १८५ गुणिले ८६,४०० सेकंद, म्हणजे चोवीस तासांत १६ मोल. पृथ्वीवर निरभ्र उन्हाळी दिवसाला ४० च्या आसपास मिळतात. पंधरावा हिस्सा वाटत होता तो दिवसाच्या हिशेबात एक तृतीयांशाच्या वर गेला. १६ मोलांत तर लेट्यूसची शेती होते. त्यामुळे 'तिथे अंधार आहे, झाडं जगणार नाहीत' हे म्हणणं मला पटत नाही. अडचण दुसरीकडे आहे: मध्यबिंदूवर कायमचे दाट ढग जमण्याची दाट शक्यता. सर्वात जास्त उजेड जिथे, तिथेच आभाळ भरलेलं.

त्रिज्या

अवरक्त भाऊ, गणित पटलं. पण मग ७०० वर काहून थांबायचं? तारा १,१०० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त देऊन राहिला, तर उत्क्रांती तिकडे का नाही जाणार? आपल्याच पृथ्वीवर १,०१५ नॅनोमीटरला प्रकाश शोषणारा जीवाणू आहे, ब्लास्टोक्लोरिस व्हिरिडिस.

सूक्ष्मदर्शक

@त्रिज्या, अडचण इलेक्ट्रॉन कुठून काढायचा याची आहे. फोटॉनची ऊर्जा म्हणजे १,२४० भागिले नॅनोमीटर, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. ७०० ला १.७७ मिळतात, १,००० ला १.२४. पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून ऑक्सिजन सोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, आणि वाटेत गळती बरीच होते. आपली झाडं पाणी फोडायला ६८० नॅनोमीटरचा, १.८२ चा फोटॉन खर्च करतात, आणि तरीही दोन प्रकाशयंत्रणा एकामागे एक जोडाव्या लागतात. एका ऑक्सिजन रेणूमागे किमान ८ फोटॉन. १,००० नॅनोमीटरवर काम करायचं तर तीन यंत्रणा जोडा, १२ फोटॉन द्या. अशक्य नाही, पण प्रत्येक जोडणी म्हणजे आणखी प्रथिनं, आणखी गळती, आणखी दुरुस्ती.

तुम्ही सांगितलेला जीवाणू पाणी फोडतच नाही. जांभळे जीवाणू इलेक्ट्रॉन घेतात ते हायड्रोजन सल्फाइडकडून, हायड्रोजनकडून किंवा सेंद्रिय आम्लांकडून. तिथे इलेक्ट्रॉन सैल बसलेला असतो, म्हणून एकच यंत्रणा आणि कमकुवत फोटॉन पुरतात.

दुसरं बंधन पाण्याचं, आणि हे लोक विसरतात. शुद्ध पाण्याच्या एक मीटर थरातून ७०० नॅनोमीटरचा प्रकाश निम्म्याहून थोडा जास्त पार होतो. ८५० चा उरतो दीड टक्का. ९७० ला तर पाण्याचा शोषणपट्टाच आहे, पहिल्या १० सेंटिमीटरमध्ये ९९ टक्के संपतो. जीवांची सुरुवात पाण्यात झाली असं धरलं, तर समुद्रातल्या जीवापर्यंत पोचणारा उजेड मुख्यतः दृश्य तांबडाच. उथळ किनाऱ्यावर, ओल्या दगडावर किंवा जमिनीवर आल्यावरच ९०० च्या पलीकडचं धन खुलं होतं. म्हणून माझा अंदाज: तिथे पाण्यातली रंगद्रव्यं आपल्यासारखीच, आणि जमिनीवरची वेगळी. पाण्यातून जमिनीवर येणं म्हणजे तिथे रंगद्रव्याचीही क्रांती.

मधली पायरी पृथ्वीवर सापडलेली आहे. हरितद्रव्य एफ २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेच्या स्ट्रोमॅटोलाइटमध्ये, म्हणजे जीवाणूंच्या थरांनी बनलेल्या खडकांत सापडलं. ते ७५० पर्यंत काम करतं आणि ऑक्सिजनही सोडतं. ७०० ऐवजी ७५० पर्यंत गेलं तर अवरक्त यांच्या ३४ वॅटचे साधारण ४९ होतात. पन्नास नॅनोमीटर सरकून जवळजवळ दीडपट उत्पन्न. सूर्याखाली हा फायदा क्षुल्लक, म्हणून एफ आपल्याकडे दाट सावलीतच राहिलं. तिथे निवडीचा दाब त्याच दिशेने असेल.

वैनगंगा

मला शरीररचनेवर यायचं आहे, पण काळीमाती यांची अट पाळून, आधी हिशेब मग शरीर.

तारा आकाशात हलत नाही, हे सगळ्यात मोठं बंधन आहे. पृथ्वीवर सावली फिरते, त्यामुळे मोठ्या झाडाखालच्या रोपाला दिवसात कधीतरी कवडसा मिळतो. तिथे खडकामागे सावली म्हणजे कायमची सावली. तारा क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर १० मीटरच्या झाडाची सावली १७ मीटर, आणि त्या १७ मीटरच्या पट्ट्यात दुसरं झाड बुटकं राहून चालणारच नाही. १० अंशांवर तीच सावली ५७ मीटरची होते. म्हणजे उंचीची स्पर्धा मध्यबिंदूजवळ सौम्य आणि संधिप्रकाशाच्या पट्ट्याकडे, म्हणजे उजेड-अंधाराच्या सीमेकडे तीव्र. तिथे झाडं ओळीने, ताऱ्याकडे तोंड करून, भिंतीसारखी सपाट असावीत. पान वळवणारी यंत्रणा नको, एकदा कोन धरला की झालं. लवचीक देठाचा खर्च वाचतो, तो जाड पानात घालता येतो.

उंचीची कमाल मर्यादा पाण्याच्या खांबाने ठरते. पृथ्वीवर सर्वात उंच रेडवुड सुमारे ११६ मीटर, आणि पाणी वर ओढण्याच्या हिशेबातून येणारी मर्यादा १२२ ते १३० मीटर. ०.८२ गुरुत्वात ती १५० च्या पुढे जाते. पण १६ मोलांच्या उत्पन्नात एवढं लाकूड पोसणं कठीण. मर्यादा गुरुत्वाची नाही, उत्पन्नाची येईल.

हाडांचं म्हणाल तर वजन लांबीच्या घनाने वाढतं आणि हाडाची ताकद छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गाने. गॅलिलिओने हे १६३८ मध्येच मांडलंय. ०.८२ मध्ये फार फरक पडत नाही. जाडजूड बुटके प्राणी बघायचे तर दुप्पट गुरुत्वाचा ग्रह घ्या, हा नव्हे.

काळीमाती

वैनगंगाताई, यात घड्याळाचा मुद्दा जोडा. दिवस-रात्र नाही, अक्ष बहुधा कललेला नसल्याने आणि कक्षा जवळजवळ गोल असल्याने ऋतूही नाहीत. मग फुलायचं कधी, वीण कधी घालायची? सगळ्यांनी एकाच वेळी बीज सोडलं तरच फलन होतं, हे पृथ्वीवरच्या पोवळ्यांनाही लागू आहे.

उत्तर शेजारच्या ग्रहांत आहे. 'डी'चं वर्ष ४.०५ दिवसांचं, 'एफ'चं ९.२१. 'ई'वरून 'डी' दर १२ दिवसांनी सर्वात जवळ येतो आणि 'एफ' दर १८ दिवसांनी. जवळ आल्यावर दोघंही आकाशात सुमारे ०.५५ अंशांचे दिसतात, म्हणजे आपल्या चंद्राएवढे. 'डी' आतल्या कक्षेत असल्याने जवळ येतो तेव्हा ताऱ्याच्या बाजूला, अमावास्येच्या चंद्रासारखा काळोखा. 'एफ' मात्र मागच्या अंधाऱ्या बाजूवर पूर्ण उजळलेला. अंधाऱ्या बाजूच्या जीवांना १८ दिवसांची पौर्णिमा मिळते. १२ आणि १८ चा मेळ दर ३६ दिवसांनी बसतो. संधिपट्ट्यातल्या जीवाला दोन्ही ठोके कळतात. सातही ग्रह एकमेकांशी अशा ठरावीक प्रमाणात बांधलेले आहेत, त्यामुळे हे घड्याळ टिकाऊ आहे.

त्रिज्या

हे भारी आहे. पण ताऱ्याच्या भडक्यांचं काय? सूर्याचा सर्वात जवळचा शेजारी, प्रॉक्सिमा सेंटॉरी हा लाल बटू, मे २०१९ मध्ये काही सेकंदांत अतिनील प्रकाशात १४,००० पट उजळला होता. अशाने जमिनीवर काही टिकेल का?

सूक्ष्मदर्शक

पाण्याखाली टिकेल. किनाऱ्यावर वाळूच्या एक-दोन मिलिमीटर खालीही टिकेल, कारण वाळू अतिनील अडवते आणि तांबडा उजेड बराच आत सोडते. खरा धोका भडक्याचा नाही, हवा गमावण्याचा आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये आतल्या 'बी'चं तापमान मोजलं, ते ५०० केल्विनच्या आसपास आलं, म्हणजे दाट हवा नाही. 'सी'वरही दाट कार्बन डायऑक्साइड दिसला नाही. 'ई'चा निकाल अजून लागायचा आहे.

आणि एक सापळा. लाल बटू तारे तरुणपणी कैक कोटी वर्षं आतापेक्षा कितीतरी तेजस्वी असतात. त्या काळात ग्रहावरचं पाणी वाफ होऊन फुटतं, हायड्रोजन उडून जातो, ऑक्सिजन मागे उरतो. अशा ग्रहाच्या हवेत भरपूर ऑक्सिजन सापडला तर तो जीवाचा पुरावा धरू नका. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र दिसले तर मात्र लक्ष द्या. ते एकमेकांना संपवतात, म्हणून दोन्ही टिकायला कुणीतरी सतत भर घालावी लागते.

काळीमाती

आता गाळाच्या बाटलीचं सांगा. धाग्याच्या नावात 'गाळात तपासून पाहू' म्हटलंय ते.

सूक्ष्मदर्शक

ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांची जुनी युक्ती आहे, १८८० च्या दशकातली. चिखलाचा उभा थर बंद केला की जीवाणू आपापल्या उजेडाप्रमाणे आणि सल्फाइडप्रमाणे रंगीत पट्टे करून बसतात. आपण दोन बाटल्या करू. एक खिडकीच्या उजेडात, दुसरी फक्त ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्याखाली. दुसरी म्हणजे लाल बटू ताऱ्याचं टोकाचं रूप.

गाळ कुठला घ्यायचा हे महत्त्वाचं. ज्या तळ्यात मूर्ती विसर्जन झालंय तिथला नको. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेटच, त्यामुळे गंधकाचं प्रमाण कळत नाही, शिवाय रंगातले धातू असतात. गावतळ्याच्या काठावरचा, वरचा थर बाजूला करून ५ ते १० सेंटिमीटर खालचा काळा, वासाचा गाळ एक लिटर घ्या. खडे, काड्या, मुळं काढून टाका. त्याच तळ्याचं पाणी घालून दाट ताकाइतका पातळ करा.

एक लिटरला दहा ग्रॅम जिप्सम, कृषी केंद्रात मिळतो तो. दहा ग्रॅम अंड्याच्या कवचाची पूड. फळ्याचा खडू वापरू नका, तो बहुतेक वेळा जिप्समचाच असतो आणि आपल्याला इथे कार्बोनेट हवंय. वर्तमानपत्राचं एकच पान बारीक चिरून. हे सगळं खालच्या दोन तृतीयांश गाळात मिसळा, वरच्या भागात नुसता गाळ. भरताना बाटली सारखी आपटत राहा, हवेचे बुडबुडे राहिले तर तिथे ऑक्सिजन शिरतो आणि पट्टा तुटतो. वर ३ ते ४ सेंटिमीटर पाणी, त्यावर तेवढीच रिकामी जागा. तोंडावर पॉलिथिन आणि रबर. बूच घट्ट लावू नका, आत वायू होतो.

दिव्यासाठी सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा ८५० नॅनोमीटर इल्युमिनेटर घ्या. ९४० चा चुकूनही नको, तो पाण्यातच जिरतो. बहुतेक इल्युमिनेटरना प्रकाशसंवेदक असतो, उजेड पडला की दिवा बंद होतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावा. दिवा लागलाय की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, जवळून डोळ्यांनी टक लावू नका. बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यात, दिव्यापासून ३० सेंटिमीटरवर. अंधाऱ्या खोलीत खोक्यात टॉर्च लावून फटी शोधा आणि बुजवा. एवढ्या फटीतूनही शैवाल उगवतं आणि प्रयोग वाया जातो.

वैनगंगा

अपेक्षा काय धरायची? आधी लिहून ठेवलं तरच त्याला चाचणी म्हणता येईल.

सूक्ष्मदर्शक

बरोबर. खिडकीच्या बाटलीत सहा ते आठ आठवड्यांत वर हिरवा थर, म्हणजे सायनोबॅक्टेरिया (ऑक्सिजन सोडणारे जीवाणू) आणि शैवाल. त्याखाली तांबूस-जांभळे, त्याखाली शेवाळी रंगाचे हिरवे गंधक जीवाणू, आणि तळाशी काळं लोह सल्फाइड.

अवरक्त बाटलीत माझं भाकीत असं: वरचा हिरवा थर नाही. हिरवे गंधक जीवाणूही जवळजवळ नाहीत, कारण त्यांचं मुख्य रंगद्रव्य ७५० च्या आसपास शोषतं. जांभळे मात्र येतील, त्यांचं रंगद्रव्य ८०० आणि ८५० ते ८८० ला शोषतं. आणि वर ऑक्सिजन तयार करणारं कुणी नसल्यामुळे जांभळा पट्टा खिडकीच्या बाटलीतल्यापेक्षा पृष्ठभागाच्या जवळ चढलेला असेल. हे शेवटचं भाकीत मला सर्वात मोलाचं वाटतं. उजेड बदलला की नुसता रंग बदलत नाही, कुणी कुठे राहायचं हेच बदलतं.

अवरक्त

नागपूरसाठी दोन सूचना. एक, हे मार्च ते जूनमध्ये करू नका. खिडकीत ४० च्या वर तापमान गेलं की कागद भराभर आंबतो, वायूने गाळात भेगा पडतात आणि सगळं काळं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, खिडकी उत्तरेची, थेट ऊन नको. थेट उन्हात शैवाल काचेला आतून चिकटतं आणि खालच्यांचा उजेड बंद करतं.

दोन, आपण दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर बसलोय. शहराच्या पश्चिमेकडची काळी कापसाची माती लोहाने भरलेली. लोह सल्फाइडला पकडून ठेवतं, मग गंधक जीवाणूंना मोकळं सल्फाइड मिळत नाही आणि जांभळा रंग उशिरा येतो. अशा गाळाला जिप्सम १० ऐवजी २० ग्रॅम घाला. कागद मात्र वाढवू नका. दोन्ही वाढवलं तर सल्फाइड इतकं होतं की तेच विष ठरतं. बाटली झोपायच्या खोलीत नको, गॅलरीत ठेवा. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे.

पारशिवनीकर

हे तारे दिसतात का असं कुणी विचारलं तर: ट्रॅपिस्ट-१ ची तेजाची प्रत जवळजवळ १९ (आकडा मोठा तितका तारा मंद), दहा इंची दुर्बिणीतूनही डोळ्यांना दिसणार नाही. त्याची जागा मात्र नोव्हेंबरच्या संध्याकाळी दक्षिणेला ६४ अंश उंचीवर येते. प्रॉक्सिमा ११ व्या प्रतीचा, पण नागपूरहून क्षितिजाच्या फक्त ६ अंश वर चढतो. त्याचा तेजस्वी सोबती अल्फा सेंटॉरी ८ अंशांपर्यंत, मे अखेरीस रात्री दहाच्या सुमारास. दक्षिण क्षितिज मोकळं आणि काळं हवं. त्यासाठी पेंच व्याघ्र प्रकल्प, जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरला.

त्रिज्या

सूक्ष्मदर्शक, एक शेवटचं विचारतो. रंग, उंची, घड्याळ, सगळं बंधनांतून काढलं. मग उत्क्रांतीत योगायोगाला जागा आहे की नाही?

सूक्ष्मदर्शक

आहे, आणि कुठे आहे ते थोडंफार सांगता येतं. जे पृथ्वीवर पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे घडलं, ते तिथेही घडेल असं धरायला हरकत नाही. भिंगाचा डोळा ऑक्टोपसमध्ये वेगळा आला आणि पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत वेगळा. ऊस आणि ज्वारी वापरतात ते सी-४ प्रकाशसंश्लेषण साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आलंय. जे एकदाच घडलं त्यावर पैज लावू नका. केंद्रक असलेली पेशी, जिच्यापासून सगळी झाडं आणि प्राणी आले, ती एकाच घराण्यातून आली. पृथ्वीवर जीव निदान ३५० कोटी वर्षांपासून आहे, आणि त्यातला बराच काळ जीवाणूंचाच होता.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ पासून ई. कोलाय जीवाणूच्या १२ वसाहती एकाच खाद्यावर वाढवल्या. बाराही वसाहती अधिक वेगाने वाढायला शिकल्या, ते अपेक्षितच होतं. पण ऑक्सिजन असताना सायट्रेट खायला एकच शिकली, तीही ३१,००० हून अधिक पिढ्यांनंतर, आणि त्याआधी तिच्यात वाट मोकळी करणारे बदल झाले होते म्हणून.

त्यामुळे 'ई'वर हवा आणि पाणी असेल तर जांभळी साय धरून चाला. ऑक्सिजन सोडणारा जीव कदाचित. वैनगंगाताईंची भिंतीसारखी झाडं मला मनापासून आवडली, पण त्यांच्यासाठी आधी ती एकदाच घडलेली गोष्ट तिथेही घडायला हवी.

वैनगंगा

मान्य. मग बाटल्या दोन नकोत, सहा करा. खिडकीच्या तीन, अवरक्त तीन, एकाच बादलीतल्या गाळाच्या. योगायोग किती आणि बंधन किती हे तिन्ही अवरक्त बाटल्यांत जांभळा पट्टा एकाच उंचीवर येतो का यावरून दिसेल. शिवाय एक बाटली पूर्ण अंधारात. तिच्यातही रंग आला तर तो उजेडाचा नव्हे, लोहाचा.

काळीमाती

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाळ भरू. दर रविवारी फोटो, बाटलीशेजारी सेंटिमीटरची पट्टी उभी लावून. अवरक्त बाटलीचा फोटो घ्यायला खोकं उघडाल ते अर्ध्या मिनिटात बंद करा. तापमान सकाळी आणि दुपारी तीनला. गाळ कुठल्या भागातला आणि जिप्सम किती ग्रॅम, हे प्रत्येकाने पहिल्याच प्रतिसादात लिहा.